एआय माणसापेक्षा हुशार होईल का? रिद्धपूरच्या पोथीवरून समजून घेऊया

एआय माणसाच्या पुढे जाणार का, हा प्रश्न आता चहाच्या टपरीवरही निघतो. कोणी म्हणतं, पाच वर्षांत माणसाचं काम संपलं. कोणी म्हणतं, हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग आहे. दोन्ही बाजूंचे रील्स तुमच्या फोनवर येतच असतील. या लेखात आपण तीन गोष्टी बघू: ‘पुढे जाणं’ म्हणजे नेमकं काय, आजवर यंत्र कुठे पुढे गेलंय, आणि ते पुढे गेलं हे आपल्याला कळणार कसं. तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण सगळ्यात अवघड तोच आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळ अमरावतीकडचा. म्हणून उदाहरण घरचंच घेतो: मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्या गावाशी जोडलेला आहे, ते हे गाव. तिथल्या परंपरेतली एक जुनी पोथी एआयसमोर ठेवली तर काय होईल, हे पाहिलं की वरचे तिन्ही प्रश्न सोपे होतात.

## आधी तीन शब्द

एका कामाचं एआय: ठरावीक काम करणारी प्रणाली. फोनचा चेहरा ओळखून लॉक उघडणं, मॅपमध्ये रस्ता शोधणं, बुद्धिबळ खेळणं. बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणारा प्रोग्राम तुम्हाला रेल्वेचं तिकीट काढून देऊ शकत नाही.

एजीआय: माणूस डोक्याने जी जी कामं करतो, ती जवळपास सगळी माणसाइतकीच चांगली करणारं एआय. नवीन काम दिलं तरी शिकून घेणारं. याची सगळ्यांना मान्य अशी व्याख्या अजून नाही. म्हणून ‘एजीआय आलं’ अशी बातमी वाचली की आधी बघा, बोलणारा कोणती व्याख्या धरून बोलतोय.

सुपरइंटेलिजन्स किंवा अतिबुद्धिमत्ता: जवळपास प्रत्येक बौद्धिक कामात सगळ्यात हुशार माणसालाही मागे टाकणारं एआय. असं यंत्र आज अस्तित्वात नाही.

चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे चॅटबॉट पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मध्ये कुठेतरी बसतात. ते हजार प्रकारची कामं करतात, पण सगळी सारख्या दर्जाची करत नाहीत.

## ही कल्पना आली कुठून?

१९५० मध्ये ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने ‘यंत्र विचार करू शकतं का’ हा प्रश्न एका लेखात मांडला. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात शास्त्रज्ञ जमले आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव रूढ झालं.

यंत्र माणसाच्या पुढे गेलं तर काय होईल, याचा नीट हिशोब १९६५ मध्ये आय. जे. गुड यांनी मांडला. दुसऱ्या महायुद्धात ते ब्लेचली पार्क इथे ट्युरिंग यांच्यासोबत जर्मन सैन्याचे सांकेतिक संदेश फोडायचं काम करत होते. त्यांचा मुद्दा असा: यंत्र बनवणं हेही बुद्धीचंच काम आहे. मग माणसापेक्षा हुशार यंत्र बनलं, तर ते स्वतःहून चांगलं यंत्र बनवेल, ते पुढचं यंत्र त्याहून चांगलं बनवेल, आणि हा वेग माणसाच्या हाताबाहेर जाईल. याला त्यांनी बुद्धीचा स्फोट म्हटलं. मात्र असं यंत्र माणसाच्या फायद्याचं ठरायचं असेल तर ते आपल्या ताब्यात राहिलं पाहिजे, ही अटही त्यांनी तेव्हाच घातली होती.

पुढे रे कर्झवाइल यांनी २००५ च्या पुस्तकात २०२९ आणि २०४५ ही वर्षं सांगितली: पहिल्यात यंत्र माणसाच्या बरोबरीला येईल, दुसऱ्यात सगळंच बदलून जाईल. २०१४ मध्ये निक बोस्ट्रॉम यांच्या ‘सुपरइंटेलिजन्स’ या पुस्तकाने ताबा सुटण्याच्या धोक्यावरची चर्चा वाढवली.

## आजवर यंत्र कुठे पुढे गेलंय?

- बुद्धिबळ, १९९७: आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोव्ह यांना साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं.
- गो, २०१६: अल्फागोने दक्षिण कोरियाच्या ली सेडोल यांना ४-१ ने हरवलं. २०१७ चं अल्फागो झिरो तर माणसांचे डाव न बघता, फक्त स्वतःशी खेळून शिकलं.
- प्रथिनांचा आकार, २०२०: अल्फाफोल्डने प्रथिनांची त्रिमितीय रचना ओळखण्यात मोठी झेप घेतली. या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.
- गणित, २०२५: आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर गुगल डीपमाइंडच्या प्रणालीने ४२ पैकी ३५ गुण मिळवले. ही सुवर्णपदकाची पातळी आहे. त्याच परीक्षेत काही मुलांनी ४२ पैकी ४२ गुण मिळवले होते.

या यादीत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी उत्तर बरोबर की चूक, हे ठरवता येतं. बुद्धिबळात शह-मात झाली की झाली. गणिताची सिद्धता पायरी-पायरीने तपासता येते. प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी जुळवता येतो. कोडिंगमध्येही तसंच: टेस्ट चालवली की पास किंवा फेल.

यंत्र शिकतं ते असंच. लाखो वेळा प्रयत्न करायचा, प्रत्येक प्रयत्नाला गुण मिळवायचे, आणि जास्त गुण देणाऱ्या दिशेने स्वतःला बदलायचं. गुण देणारा पंच पक्का असेल तर प्रगती झपाट्याने होते. पंच डळमळीत असेल तर यंत्र बरोबर उत्तराऐवजी पंचाला आवडणारं उत्तर द्यायला शिकतं.

आता रिद्धपूरला जाऊ, कारण तिथल्या एकाच पोथीत पक्का पंच असलेलं कामही आहे आणि नसलेलंही.

## रिद्धपूरची पोथी

रिद्धपूर, म्हणजे जुनं ऋद्धिपूर, हे महानुभाव पंथाचं महत्त्वाचं स्थान. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी प्रसंग पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, विचारून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. आद्य मराठी कवयित्री महदाइसाही याच परंपरेतली. याच गावात राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठ सुरू केलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले.

पंथाच्या बऱ्याच पोथ्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या गेल्या: सकळ, सुंदरी, अंक, शून्य अशी त्यांची नावं. त्यातली सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. समजा ‘क’ च्या जागी ‘च’ आणि ‘म’ च्या जागी ‘त’ लिहायचं असं ठरवलं, तर ‘कमळ’ हा शब्द ‘चतळ’ होईल. (हे फक्त समजण्यासाठी, सकळ लिपीची किल्ली वेगळी आहे.) आजच्या भाषेत हे एन्क्रिप्शनच.

पंथातल्या महंतांना ही लिपी येत होती, बाहेरच्यांना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठीचं एक मोठं दालन अभ्यासकांसाठी उघडलं.

अशी पोथी वाचायचं काम एआयला दिलं, तर चार पायऱ्या येतात.

पायरी १: अक्षर ओळखणं. फोटोतलं हस्ताक्षर वाचून टाइप करणं. पुरेशी वाचलेली पानं नमुना म्हणून दिली, तर यंत्र हे शिकतं. शंभर पानं वाचून ते दमत नाही. वेगात ते माणसाला सहज मागे टाकेल. तपासणीही सोपी: मूळ पान आणि टाइप केलेला मजकूर शेजारी ठेवला की चूक दिसते.

पायरी २: किल्ली शोधणं. कोणतं अक्षर किती वेळा येतं, कोणाच्या शेजारी येतं, हे मोजून अदलाबदल ओळखायची. हे संगणकाचं हुकमी काम. आणि पंच पक्का आहे: सापडलेली किल्ली दुसऱ्या पानाला लावून बघायची. सलग मराठी निघाली तर किल्ली बरोबर. राजवाड्यांना ज्यासाठी डोकं खपवावं लागलं, ते आजचा लॅपटॉप पुरेसा मजकूर असेल तर फार लवकर करेल.

पायरी ३: अर्थ लावणं. इथून पंच डळमळायला लागतो. लीळाचरित्राची मराठी सातशे वर्षांपेक्षा जुनी आहे. ‘बिजे करणे’ म्हणजे आदराने सांगितलेलं जाणं किंवा येणं. त्याचा बियांशी संबंध नाही. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर. त्यात होडीही नाही आणि कोणाचं नावही नाही. ‘आरोगणा’ म्हणजे जेवण. ते वाचून आजचा माणूस आरोग्याचा विचार करेल. यंत्राने आजच्या मराठीवरून अर्थ ठोकून दिला, तर वाक्य अगदी सफाईदार दिसेल आणि तरी चुकीचं असेल. चूक कोणाला कळेल? ज्याला जुनी मराठी येते त्यालाच. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये आला, तो अशा वेळी उपयोगी पडतो. पण कोश उघडून बघायचं सुचायला आधी शंका यावी लागते.

पायरी ४: कोणता पाठ खरा? परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यामुळे आज वेगवेगळे पाठ मिळतात. एकच प्रसंग थोड्या फरकाने सांगितलेला दिसतो. बुलढाणा जिल्ह्यातले डॉ. वि. भि. कोलते यांनी हस्तलिखितांची तुलना करून लीळाचरित्र संपादित केलं आणि १९७८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. इथे तर उत्तराची ताळेबंद किल्लीच नाही. पुरावा तोलायचा, आपण असं का ठरवलं ते लिहून ठेवायचं, आणि पुढच्या अभ्यासकाला ते खोडायची संधी द्यायची. चॅटबॉटचा कल उलटा असतो: तीन पाठ दिले तर ते मिसळून चौथा, गुळगुळीत पाठ तयार करायचा, जो कोणत्याही पोथीत नाही.

म्हणजे एकाच पोथीवर यंत्र दोन पायऱ्यांवर आपल्या पुढे आणि दोन पायऱ्यांवर भरवशाचं नाही. ‘एआय माणसाच्या पुढे गेलं का’ याला एकच हो-नाही उत्तर का देता येत नाही, ते यावरून लक्षात येईल.

## माणूस आणि यंत्र एकत्र आले तर?

असा मोजलेला प्रयोग जुन्या ग्रीक शिलालेखांवर झाला आहे. डीपमाइंडचं ‘इथाका’ हे मॉडेल तुटलेल्या शिलालेखांतली गेलेली अक्षरं सुचवतं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार:

- इतिहासकार एकटे: २५ टक्के अचूक
- इथाका एकटं: ६२ टक्के अचूक
- इतिहासकार इथाका वापरून: ७२ टक्के अचूक

यंत्राने तज्ज्ञाला मागे टाकलं हे खरंच. पण सगळ्यात चांगला निकाल यंत्राच्या सूचनांमधून निवड करणाऱ्या तज्ज्ञाचा आला. ही निवड करायला तज्ज्ञ असावा लागतो, आणि मुख्य अडचण तिथेच आहे.

## मराठीत एआय का अडखळतं?

पहिलं कारण, मजकूर कमी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत, पण इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडा. वऱ्हाडी बोलीतला त्याहून थोडा, आणि यादवकाळातल्या मराठीचा तर नगण्य.

दुसरं कारण तांत्रिक. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीचं एक अक्षर १ बाइट घेतं, देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट. ‘रिद्धपूर’ मध्ये काना-मात्रा-हलंत धरून ८ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. हेच नाव रोमनमध्ये ८ अक्षरांत, ८ बाइटमध्ये बसतं. चॅटबॉट मजकुराचे तुकडे करून वाचतात आणि ज्या भाषेचा मजकूर त्यांनी जास्त पाहिला तिचे तुकडे मोठे पडतात. मराठी शब्दाची बऱ्याचदा बारीक चुरी होते.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग सांगतो. चॅटबॉटला लिहा: ‘मी रिद्धपूरले जाऊन रायलो.’ आपल्याकडे याचा अर्थ ‘मी रिद्धपूरला जातोय’. मी हे तीन ॲप्सवर करून पाहिलं. एकाने बरोबर ओळखलं. दोघांनी सांगितलं की मी रिद्धपूरला गेलो आणि तिथेच मुक्काम केला. तिघांच्याही उत्तरात आत्मविश्वास सारखाच होता. अमरावतीच्या पोट्ट्याला चूक लगेच कळते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते उत्तर पटूनही जाईल.

## मग खरा धोका कोणता?

सुपरइंटेलिजन्सवर काम करणाऱ्यांना छळणारा प्रश्न हाच आहे: जे आपल्यापेक्षा हुशार आहे, त्याचं काम आपण तपासायचं कसं? आज माणसं यंत्राच्या उत्तरांना गुण देतात. उत्तर माणसाच्या आकलनापलीकडे गेलं तर गुण कोण देणार? एका एआयकडून दुसऱ्याला तपासून घ्यायचं, मोठ्या कामाचे माणसाला कळतील एवढे छोटे भाग पाडायचे, असे उपाय शोधणं चालू आहे. पक्का उपाय हाती लागलेला नाही.

हा प्रश्न भविष्यातला वाटतो, पण लहान प्रमाणात तो आत्ताच आपल्या भाषेत आहे. जुनी मराठी वाचता येणारी माणसं आधीच कमी. ‘एआय वाचून देतं ना’ म्हणून पुढच्या पिढीने ती शिकणंच सोडलं, तर यंत्राचा चुकीचा अर्थ कोणालाच खटकणार नाही. तो अर्थ वेबसाइटवर जाईल, तिथून पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणात जाईल आणि मग तोच सगळीकडे दिसेल. मग यंत्र आपल्या पुढे गेल्यासारखं वाटेल, पण ते एक पाऊलही पुढे गेलेलं नसेल. आपण मागे सरकलेले असू. रिद्धपूरच्या विद्यापीठात दहा मुलं सकळ लिपी आणि यादवकालीन मराठी नीट शिकली, तर ती दहा मुलं उद्याच्या मराठी एआयची पंच असतील, असं मला वाटतं.

## तज्ज्ञ काय म्हणतात? कधी होईल?

एकमत नाही. जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत मिळालं, त्यांनी २०२३ मध्ये गुगल सोडलं आणि यंत्र माणसाच्या पुढे जाण्याच्या धोक्याबद्दल उघड बोलायला लागले. यान लेकून यांचं म्हणणं वेगळं: फक्त पुढचा शब्द सांगणारी आजची मॉडेल्स मोठी करत गेल्याने माणसासारखी बुद्धी येणार नाही, त्यासाठी वेगळी रचना लागेल.

२०२३ च्या शेवटी २,७७८ एआय संशोधकांची पाहणी झाली. कोणाच्याही मदतीशिवाय यंत्र प्रत्येक काम माणसापेक्षा चांगलं आणि स्वस्तात करू शकेल, याची निम्मी शक्यता त्यांच्या एकत्रित अंदाजानुसार २०४७ पर्यंत होती. एकच वर्ष आधीच्या तशाच पाहणीत हे वर्ष २०६० होतं. एका वर्षात अंदाज १३ वर्षांनी अलीकडे सरकला. बदलाचा वेग त्यातून कळतो आणि असे अंदाज किती कच्चे असतात तेही.

## तुम्ही काय करू शकता?

१. उत्तर तपासता येतं का, ते आधी बघा. गणित, कोड, व्याकरण यासाठी एआय बिनधास्त वापरा आणि तपासा. तपासता येत नसेल तर ते उत्तर म्हणजे फक्त एक अंदाज समजा.

२. ‘कशावरून?’ विचारा. म्हाइंभटांनी प्रसंग पाहिलेल्यांना गाठलं. तुम्ही निदान चॅटबॉटने सांगितलेलं पुस्तक खरंच आहे का, तेवढं शोधा.

३. एका विषयात तरी पंच व्हा. संत्र्याची बाग असो, आजीची वऱ्हाडी असो की मोडी लिपी. ज्या विषयात तुम्हाला यंत्राची चूक दिसते, त्यात तुम्ही त्याचे मालक आहात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एआयला स्वतःची जाणीव आहे का? हुशारी आणि जाणीव या वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धिबळ जिंकायला जाणीव लागली नाही. पुढे जाण्यासाठीही ती लागेलच असं नाही.

माझी नोकरी जाईल का? ज्या कामाचं उत्तर चटकन तपासता येतं, ते काम आधी बदलेल. माझं कोडिंगही त्यातच येतं. जबाबदारी घेऊन निर्णय देण्याची कामं उशिरा बदलतील.

मग एआय वापरू नये का? जरूर वापरा. सकळ लिपीतल्या हजार पानांची अक्षरं ते वाचून देत असेल तर उत्तमच. फक्त त्यातलं ‘बिजे’ वाचून कोणी बी पेरायला निघालं, तर त्याला थांबवणारा एक माणूस शिल्लक ठेवा.